जिन्यावरची धाप

धाकटीला पळायला शिकवलं ते थोरलीनेच. पुढे दोघीही हा विषय चारचौघांत काढेनाशा झाल्या, पण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

दोघी सख्ख्या जावा. घर दुमजली. वर थोरली आणि तिचा नवरा, खाली धाकटी आणि तिचा. मुलं दोन्हीकडची शिकायला बाहेरगावी गेलेली. जिना एकच, लोखंडी, बाहेरच्या भिंतीला धरून चढणारा. त्याच्यावर मांजर चढलं तरी दोन्ही घरांत कळायचं.

थोरली बसमध्ये तिकीट तपासनीस होती. उंच, सडसडीत, मान नेहमी ताठ. बिनतिकिटाचा माणूस आपण नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो, असं ती सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. धाकटी एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर कामाला. दिवसभर उभं राहून वाफ अंगावर घ्यायची आणि लोकांच्या कॉलरी सरळ करायच्या. मुलगा झाल्यावर तिचं अंग सुटलं होतं, पाठ धरली होती, आणि ती उगाचच रडायला लागली होती. तेव्हा एका सकाळी थोरलीने दार ठोठावलं आणि म्हणाली, "ऊठ. बूट घाल. रडायचंच असेल तर पळता पळता रड."

त्या दिवसापासून दोघी जोडीने पळायला लागल्या. थोरली पुढे, धाकटी मागे. हा क्रम कुणी ठरवला नव्हता, आणि इतक्या वर्षांत कुणी मोडलाही नव्हता. शर्यत असो नाहीतर रोजचं पळणं, धाकटीला समोर थोरलीची वेणी हलताना दिसायची आणि ती त्या वेणीच्या मागे निमूट पळायची.

गेल्या वर्षी तो क्रम मोडला.

शहरात दरवर्षी एक मोठी शर्यत व्हायची. बेचाळीस किलोमीटर, जलाशयाला पूर्ण वळसा घालून. निम्मं अंतर झालं की पंपघर लागायचं. रस्ता त्याच्या मागून लांबचा फेरा घेऊन परत यायचा. त्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक गल्ली होती. गल्लीतून कुणी गेलं तर अख्खा फेरा वाचायचा, म्हणून गल्लीच्या पुढे, पंपघराशी, दोन स्वयंसेवक छातीवरचे नंबर टिपायला उभे असत.

त्या दिवशी पंपघराशी थोरलीच्या पोटरीत गोळा आला. ती पाण्याच्या टेबलाआड वाकून पाय चोळत होती, तेवढ्यात गर्दीतून धाकटी पुढे निघून गेली. दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही. स्वयंसेवकांनीही गर्दीत धाकटीचा नंबर टिपला नाही. फेरा संपता संपता धाकटीला पोटात कळ आली, म्हणून ती गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजच्या संडासात शिरली. बाहेर आली ती नेमकी थोरलीच्या समोर. म्हणजे थोरलीच्या हिशेबी जी मागे असायला हवी होती, ती गल्लीतून निघून तिच्या पुढे पळायला लागली.

धाकटीला यातलं काहीच माहीत नव्हतं. समोर वेणी नाही एवढंच तिच्या लक्षात आलं, आणि तिला भीतीच वाटली. शर्यत संपली तेव्हा चाळिशीपुढच्या बायकांत तिचा तिसरा नंबर होता. ती पाण्याची बाटली हातात धरून, तोंड न लावता, वहिनीची वाट पाहत उभी राहिली. पहिला घोट वहिनीला द्यायचा होता.

थोरली आली. तिने बाटलीकडे पाहिलं नाही, धाकटीकडेही पाहिलं नाही. घाम न पुसता ती थेट पंचांच्या टेबलाशी गेली.

"ही माझी सख्खी जाऊ आहे," ती म्हणाली. आजूबाजूला त्यांच्या पळण्याच्या क्लबची निम्मी माणसं उभी होती. "म्हणूनच सांगतेय, नाहीतर कुणी सांगणार नाही. हिला मी गल्लीतून बाहेर येताना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

पंपघराशी नंबर टिपलेला नव्हता, आणि वर घरचीच बाई सांगतेय म्हटल्यावर पंच तरी काय करणार? धाकटी सांगत राहिली, संडासात गेले होते, गॅरेजवाल्याला विचारा. तिचं ते ऐकून मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिचं नाव काढून टाकलं.

घरी आल्यावर जिन्यात धाकटीने विचारलं, "वहिनी, मला आधी विचारायचं तरी!"

"चोराला काय विचारायचं?" थोरली म्हणाली. "मला खोटं चालत नाही. मग ते दारचं असो की घरचं."

हे धाकटीच्या जिव्हारी लागलं. तिला क्लबात शॉर्टकटबाई असं नाव पडलं. ते नाव फिरत फिरत लाँड्रीपर्यंत पोचलं. मालक स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याची जीभ सैल होती. शर्टांचा गठ्ठा तिच्या हातून घेताना तो म्हणायचा, "बाह्या केल्यात ना? नाही, म्हटलं मध्येच शॉर्टकट मारला असेल." सगळे हसायचे. धाकटीही हसायची, आणि पुढच्या शर्टावर इस्त्री अशी दाबायची की टेबल हलायचं.

तिने क्लब सोडला. थोरलीबरोबर पळणं सोडलं. बोलणं मात्र सोडता येईना, कारण पाण्याचा पंप एक, कचऱ्याचा डबा एक, आणि दोघींचे नवरे सख्खे भाऊ. त्यामुळे "पंप बंद केला का?" "केला." एवढं चालू राहिलं.

वर्षभर ती एकटी पळाली. पहाटे पळाली, उन्हात पळाली, ताप येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पळाली. पावलाबरोबर तिच्या डोक्यात एकच शब्द वाजायचा, चोराला, चोराला, चोराला. तिला तिसरा नंबर नको होता, पहिलाही नको होता. तिला थोरलीला पाणी पाजायचं होतं, तेही असं की पाहणाऱ्यांनी वर्षभर बोलत राहावं. मागे पडलेली, पाय ओढणारी थोरली तिने इतक्या वेळा मनात रंगवली होती की खरी थोरली जिन्यात भेटली की तिला क्षणभर आश्चर्य वाटायचं. ही अजून धडधाकट कशी?

घराच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे काका म्हणत. तरुणपणी त्यांनी लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती मारल्या होत्या. आता गुडघे गेले होते. धाकटीला रोज येता-जाता पाहून ते एकदा म्हणाले, "बाई, शर्यत कधी आहे?"

"तीन आठवड्यांवर आली."

"मग आता कमी करा."

"आता? आता तर वाढवायला पाहिजे."

"वर्षभर कमावलंय ते आता मुरायला नको का?" काका चाकातला खिळा काढत म्हणाले. "पळून माणसाला ताकद येत नाही. पळून माणूस मोडतो. ताकद येते ती नंतर, विश्रांतीत. ह्या आठवड्यात थोडं कमी करा, पुढच्यात अर्ध्यावर या, शेवटच्यात नावापुरतं. पळायचं रोजच्यासारखंच, वेगही तोच ठेवायचा, फक्त लवकर थांबायचं. आम्ही पोरं असताना हे ऐकायचो नाही. शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत पायडल मारायचो आणि शर्यतीत लोळायचो."

धाकटीला पटलं नाही. पण तिला आठवलं की थोरलीही कधी थांबत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशीसुद्धा ती पळून यायची आणि वर सांगायची की थांबला तो गंजला. थोरली जे करते त्याच्या उलट करायचं, एवढ्यावर धाकटी तयार झाली.

कमी पळणं जास्त पळण्याहून अवघड असतं हे तिला पहिल्या चार दिवसांतच कळलं. न पळताच गुडघा दुखायला लागला. घसा खवखवल्यासारखा वाटायचा. पाय शिशाचे झाले. सलवारची नाडी घट्ट होतेय असा भास व्हायचा आणि ती दिवसातून तीनदा आरशासमोर उभी राहायची. काका म्हणाले, "पाय दुखत नाहीयेत, बरे होतायत. बरं होताना माणूस कुरकुर करतोच."

पाय बरे होत असतील, पण डोकं बिघडत चाललं होतं. इतके दिवस राग पळण्यात खर्च व्हायचा. लांब पळून आलं की दोन तास तरी मन रिकामं असायचं. आता ती अर्ध्या वाटेतून परत यायची आणि उरलेला राग तसाच घरी घेऊन यायची. तो जेवताना असायचा, कपडे वाळत घालताना असायचा. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर तिने जाळली. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, मुळात शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, तू पळतेस कमी आणि दमवतेस आम्हाला."

आणि अशाच एका सकाळी, थोडंसं जोरात पळून ती काकांच्या दुकानासमोर स्टुलावर टेकली होती. तोंड लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले. समोरून थोरली पळत आली. एरवी ती मान वळवत नसे. त्या दिवशी थांबली.

"किती झाले?" तिने विचारलं.

झाले होते आठ. धाकटीच्या तोंडून गेलं, "अठ्ठावीस."

का गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. थोरलीच्या कपाळावर आठी पडली. "रोज?" तिने विचारलं.

"एखादा दिवस कमी होतात," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटायच्या आतच वरचा दरवाजा वाजला. थोरली गेली ती ऊन चढल्यावर परत आली. जिना चढताना तिचं पाऊल प्रत्येक पायरीवर थोडं थांबत होतं. धाकटी खाली गॅससमोर उभी राहून ते ऐकत होती. हातातलं दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. एका वर्षात पहिल्यांदा तिला आतून गार वाटलं.

थोरलीची नस तिला पक्की माहीत होती. आपल्यापेक्षा कुणी जास्त कष्ट घेतंय हे तिला सहनच व्हायचं नाही. बसस्टॉपवर शेजारची बाई दोन पिशव्या उचलायची तर ही तीन उचलायची. मग आता तिला कष्टच दाखवायचे, धाकटीने ठरवलं. ढिगाने दाखवायचे.

रोज पहाटे ती जिन्याखालचं लोखंडी फाटक खणकन उघडून बाहेर पडायची. थोडं पळायची, काकांनी सांगितलं तेवढंच. मग दुकानाच्या आतल्या बाजूला, टायरांच्या मागे, स्टुलावर बसून चहा प्यायची. काकांना तिने सांगितलं होतं की घरी लवकर गेलं की कामाला जुंपतात. थोरली पळायला निघून गेलेली दिसली, आणि मग तिची परतायची वेळ होत आली, की धाकटी नळाखाली डोकं धरायची, टी-शर्टवर पाणी मारायची आणि घराकडे निघायची. शेवटचा तुकडा मात्र खरंच पळायची, कारण धाप खरी असावी लागते. दोन पायऱ्या चढून जिन्यावरच बसायची आणि मोठ्याने श्वास टाकायची. बूट ओले करून कठड्यावर वाळत ठेवायची. थोरली वर चढताना त्यांच्याकडे पाहून जायची.

थोरलीने अंतर वाढवलं. मग संध्याकाळीही पळायला लागली. बसच्या पाळीवरून आली की गणवेश काढून बूट चढवायची. धाकटी त्या वेळी सोफ्यावर पाय वर करून पडलेली असायची आणि छतातून येणारा आवाज ऐकायची. आधी वरचं पाऊल ठकठक पडायचं. मग एक ठक आणि एक घासल्यासारखं व्हायला लागलं. डावा पाय. धाकटी डोळे मिटून त्या आवाजाची चव घ्यायची.

शर्यतीच्या आठवड्यात भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, लाँड्रीत आले. ते नळजोडणीची कामं करायचे. मितभाषी माणूस, स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखे वागायचे. थोरलीचे गणवेश एरवी ती स्वतःच आणून टाकायची. आज त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. धाकटीने वरची पँट उलगडली आणि तिच्या नाकात दुखण्यावरच्या मलमाचा उग्र वास शिरला. पँटच्या डाव्या पायाला आतून, नडगीच्या जागी, तेलकट डाग होता.

"जिना उतरवत नाही तिला," भाऊजी म्हणाले. "पण पळायला जाते. पाय हा एवढा सुजलाय. मी बोललो तर म्हणते, खाली बघ, ती बघ किती पळतेय."

धाकटी पँटची शीव जुळवत राहिली.

"तू सांग ना तिला जरा," ते म्हणाले.

"माझं कसलं ऐकतात त्या? मी चोर ना."

भाऊजींनी खाली पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "ते चुकलंच तिचं. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोललो नाही. पण आता तू थांबलीस तर ती थांबेल. दोन दिवस घरी बस. एवढंच मागतोय."

इथे धाकटीला बोलता आलं असतं. मी थांबलेलीच आहे भाऊजी, केव्हाची थांबलेय, जाऊन सांगा त्यांना, एवढं वाक्य पुरलं असतं. हा माणूस तिच्याशी कधी वाईट वागला नव्हता. तिच्या बाळंतपणात पाण्याच्या बादल्या यानेच खाली आणून दिल्या होत्या. ते सगळं तिला आठवलं. त्याच्यामागून ती बाटलीही आठवली, जिला तिने तोंड लावलं नव्हतं.

"मी कशी थांबू, भाऊजी?" ती म्हणाली. "शर्यत आहे माझी. वर्षभर राबलेय मी."

तिने इस्त्रीचं पेडल पायाने दाबलं. वाफ वर आली आणि पलीकडचा माणूस दिसेनासा झाला. वाफ गेली तेव्हा भाऊजी दाराबाहेर पडले होते.

रात्री तिने नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. झोप मात्र छान लागली.

शर्यतीच्या दिवशी हवा गार होती. या वर्षी प्रत्येकाच्या बुटाला चिप बांधली होती. ठिकठिकाणी जमिनीवर पट्टे होते, त्यांच्यावरून पाय गेला की आपोआप नोंद व्हायची. गेल्या वर्षीच्या भांडणावरूनच ही सोय केली, असं क्लबातल्या कुणीतरी धाकटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. थोरली सुरुवातीच्या रेषेवर पुढे उभी होती. डाव्या नडगीला घट्ट पट्टी, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मान मात्र ताठ.

धाकटीच्या पायांत त्या दिवशी काय होतं ते तिला शब्दांत सांगता येत नसे. पुढे कुणी विचारलं तर ती म्हणायची की पाय माझे नव्हतेच, कुणीतरी नवे करकरीत आणून लावले होते. तिला स्वतःला आवरावं लागत होतं. पहिला तासभर तिने लोकांना पुढे जाऊ दिलं. थोरली केव्हाच वेणी उडवत दिसेनाशी झाली होती. पंपघर आलं, फेरा झाला, गल्ली डाव्या हाताला राहिली. गॅरेजवाला दारात उभा होता. त्याने हात केला, तिनेही केला.

जलाशयाच्या बांधावर चढ लागतो. तिथे तिला वेणी दिसली.

थोरली पळत नव्हती. चालतही नव्हती नीट. उजवं पाऊल टाकायची आणि डावं ओढून त्याच्याजवळ आणायची. आजूबाजूने लोक पुढे जात होते. कुणी "बाई, थांबा," म्हणत होते, ती हात झटकत होती. धाकटीने वर्षभर जे चित्र मनात रंगवलं होतं ते जसंच्या तसं समोर होतं. ओढणारा पाय तोच, वाकलेली पाठ तीच.

ती जवळ गेली आणि वेग कमी केला. तिने या क्षणासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'चोर पुढे चाललाय, वहिनी, धरा.' पण थोरलीनेच आधी तोंड उघडलं.

"तुला कसं जमतं गं?" दातांवर दात ठेवून ती म्हणाली. "एवढं पळून परत... कसं जमतं?"

त्या आवाजात असूया नव्हती. बिचारी खरंच विचारत होती. आणि धाकटीला कळलं की तयार ठेवलेल्या वाक्यापेक्षा खरं उत्तर जास्त लागणार आहे.

"मी पळतच नव्हते, वहिनी," ती म्हणाली. "तीन आठवडे सायकलवाल्याच्या दुकानात बसून चहा पीत होते. डोक्यावर पाणी मारून घरी यायचे."

थोरली उभी राहिली. आधी तिला अर्थच लागला नाही. मग एकेक सकाळ तिच्या चेहऱ्यावरून जाताना धाकटीला दिसली, ओले बूट, जिन्यावरची धाप, सगळं. तिचं तोंड उघडं राहिलं.

धाकटी वळली आणि चढ पळत चढली. वर वारा होता, खाली पाणी चमकत होतं, आणि ती जोरात पळत होती. मागे वळून पाहावं असं तिला एकदाही वाटलं नाही. शेवटच्या टप्प्यात तिने किती जणांना मागे टाकलं याची तिला शुद्ध नव्हती. आपल्या गटात ती पहिली आली, गेल्या वर्षीच्या वेळेपेक्षा पुष्कळ आधी. चिपची नोंद सगळी जागच्या जागी होती. पंचांपैकी एकाने, तोच गेल्या वर्षीचा, तिचा हात हातात घेतला आणि ओशाळून म्हणाला, "म्हणजे गेल्या वेळचंही खरंच असणार."

"असणार नाही. होतंच," धाकटी म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

थोरलीला रुग्णवाहिकेतून आणलं. नडगीचं हाड चिरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हे आज झालेलं नाही, चीर आधीच पडली होती, ही बाई त्याच्यावर पळत राहिली. पायाला प्लास्टर बसलं.

दुसऱ्या दिवशी घरात जे व्हायचं ते झालं. थोरलीने दोन्ही भावांना वर बोलावलं, धाकटीलाही बोलावलं. पलंगावर पाय उशीवर ठेवून ती बसली होती, आणि तिच्या आवाजात दुखण्यापेक्षा जिंकल्याचा भाव जास्त होता.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "तिच्याच तोंडाने कबूल केलंय. तीन आठवडे सगळ्यांना फसवत होती. मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं ही कशी आहे. तेव्हा तुम्हाला मी वाईट दिसले."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं करून, शर्यत जिंकून, तिने थोरलीच्याच हातात पुरावा आणून दिला होता.

"हो, फसवलं," ती म्हणाली. "ह्या वेळी फसवलं. त्या वेळी नव्हतं फसवलं. आता तुमच्या तोंडाने एवढं म्हणा, की त्या वेळी नव्हतं."

"मी डोळ्यांनी पाहिलंय तुला गल्लीतून येताना."

"संडासातून!"

"गल्लीतून," थोरली म्हणाली. आणि तिच्याकडे पाहताना धाकटीला पहिल्यांदाच जाणवलं की ही बाई खोटं बोलत नाहीये. तिला खरंच तसं वाटतंय. वर्षभर धाकटी जिच्यावर दात धरून होती ती जाणूनबुजून तोंडावर खोटं बोलणारी बाई होती, आणि ती बाई ह्या पलंगावर नव्हतीच. म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट तो आणखी अडकून बसला, कारण आता त्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

नवरा जिना उतरताना म्हणाला, "तू मला तरी सांगायचं होतंस." तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. भाऊजी मात्र तिच्यासमोरून जाताना मान थोडी दुसरीकडे करायचे. अख्ख्या प्रकरणात धाकटीला लाज वाटली असेल तर ती तेवढी एकाच गोष्टीची.

पुढचे दीड-दोन महिने थोरली पलंगावर होती. भाऊजी कामावर जायचे, तेव्हा दुपारचं जेवण वर नेऊन द्यायची पाळी धाकटीवरच आली. लाँड्रीतून जेवणाच्या सुट्टीत ती यायची, ताट घेऊन लोखंडी जिना चढायची, थोरलीच्या मांडीवर ठेवायची. तिथली चादर बदलायची, खिडकी उघडायची. दोघींत शब्द नसायचा. लाँड्रीत आता तिला कुणी शॉर्टकटबाई म्हणत नव्हतं. मालक तिला पहिलवान म्हणायला लागला होता. ते वर थोरलीच्या कानावर जावं म्हणून ती एकदा खिडकीशी उभी राहून मोठ्याने फोनवर बोललीही होती.

एके दिवशी ताट उचलताना थोरली म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"असेल."

"ते..." थोरली प्लास्टरच्या कडेला खाजवत, तिच्याकडे न पाहता म्हणाली, "ते कमी करायचं, ते खरंच असतं? शर्यतीच्या आधी किती दिवस?"

धाकटी ताट हातात घेऊन उभी राहिली. एक दिवस म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. महिना म्हणावं असंही आलं. पण मग काय झालं कुणास ठाऊक, तिने खरं तेच सांगितलं. "तीन आठवडे. वेग तोच ठेवायचा, अंतर कमी करत जायचं. शेवटच्या आठवड्यात नावापुरतं."

थोरलीने मान वर केली आणि बसमध्ये तिकीट मागताना बघायची तसं तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तीन आठवडे," ती शेवटी म्हणाली. "मला वेडी समजतेस?"

ताट घेऊन धाकटी जिना उतरली, आणि उतरताना, नाही म्हटलं तरी, तिला बरंच बरं वाटलं.